बाटलीत रंग जातो

१२ जुलै १९३३

पाय सुजलेत. सकाळपासून नऊ गटारं, संडासांच्या दोन रांगा, आणि वर हेल्थ ऑफिसर साहेबांचं बोलावणं. नवं काम गळ्यात. हिवताप डासांनी येतो, डासांच्या अळ्या विहिरीत होतात, आणि त्या अळ्या खाणारे छोटे मासे असतात. ते हिप्परग्याच्या तलावातून शोधायचे, ओळखायचे आणि पेठेतल्या अकरा विहिरींत सोडायचे. आधी एकाच विहिरीत. दिवाळीपर्यंत गुण दिसला तर बाकीच्यांत.

म्हटलं, साहेब, आमच्या घरात सात पिढ्यांत कुणी मासा हातात धरला नाही. तर म्हणाले, ‘धरू नका, नुसता ओळखा.’ मी मॅट्रिकला ड्रॉइंग घेतलं होतं म्हणे. कुणी सांगितलं यांना? एक जाडजूड इंग्रजी पुस्तक दिलंय, पानोपानी माशांची चित्रं.

पहिली विहीर आमच्या गल्लीतलीच घ्या म्हटलं. मान्य झालं. कारण मला ठाऊक आहे. सौ.चे लागोपाठ दोन पावसाळे तापात गेले. तापानं वाढलेली पांथरी बरगडीखाली हाताला लागते. डॉक्टर गेल्या खेपेला तिच्यादेखत काही बोलले नाहीत, मला जिन्यात गाठून म्हणाले, हा मोसम कोरडा जाऊ दे, नाहीतर कठीण आहे. जिन्यात सांगायची गोष्ट का ही? तेव्हापासून त्या जिन्यावर पाय ठेवायला नको वाटतं.

१४ जुलै

सायकलवर हिप्परगा. जाताना वारं समोरून, येतानाही समोरून. हे कसं काय जमतं कोण जाणे.

पंपाच्या खोलीजवळ पाण्यात उतरलेला दगडी धक्का आहे. तिथे मारुती भोई गळ टाकून बसलेला. पन्नाशीचा, बोलका. काय हवंय ते सांगितलं तर हसायलाच लागला. ‘सायेब, मोठं मासं सोडून बारकं धरायला आलेला पयलाच मानूस बगितला की.’ माझ्या जुन्या धोतराचं फडकं घेऊन तो धक्क्याच्या कडेला वाकला आणि दोन खेपांत तीन तऱ्हेचे पकडून दिले. मी लांबूनच स्पिरिटची बाटली पुढे केली. टाकताना त्यानंच टाकले. एकेक तडफडून निवला. बघवलं नाही, पण बघितलं.

१५ जुलै

सौ. म्हणाली, ‘ती बाटली घरात आणलीत तर मी माहेरी जाईन.’ माहेर केमला, स्टेशनजवळच. जाणार नाही, पण बाटली कचेरीतच ठेवली. पुस्तकही. त्या चित्रांनाही वास येतो म्हणते.

१८ जुलै

कचेरीतल्या मेजावर तीन दिवस हेच. मासे स्पिरिटमध्ये भिजवलेल्या पोह्यांसारखे पांढरे पडलेत. पर मोजले, शेपटीचा घाट बघितला, फुटपट्टीवर लांबी घेतली. दोन निकामी. तिसरा बरोबर, पुस्तकातल्या चित्राशी जुळतो. चपटं डोकं, तोंड वरच्या बाजूला, डोक्यावर मधोमध चमकणारा ठिपका. लांबी दोन इंच. याहून मोठा होत नाही असं लिहिलंय. मारुती त्याला टिकली म्हणतो.

खरं सांगायचं तर आनंद झाला. सव्वीस वर्षं गटारं मोजली, आज पहिल्यांदा काहीतरी ओळखलं.

२० जुलै

शांतव्वा. गल्लीतली विहीर तिच्या सासऱ्यानं खोदली, तेव्हा तिच्या होकाराशिवाय त्यात तांब्याही बुडत नाही. लिंगायत, साठीची, कपाळाला विभूती, जीभ धारेची. मासे म्हटल्याबरोबर, ‘अय्यो! पूजेचं पाणी आहे ते. काय बोलतायसा रावसाब?’ अर्धा तास समजावलं. डास, अळ्या, ताप. शेवटी म्हटलं, आमच्या घरचे हाल तुम्हाला दिसतातच की. तिनं आमच्या दाराकडे बघितलं. मग म्हणाली, ‘मोटे होनार न्हाईत ना? कुनी येऊन धरून खानार न्हाई ना? आमच्या दारात जीवहत्या नको.’

मी म्हटलं, बोटाएवढे राहतील.

‘आण घ्या.’

सिद्धरामाची आण घेतली. सिद्धेश्वराच्या तळ्याकडे तोंड करून घ्यायला लावली. तिची अट: मासे झाकून आणायचे, गल्लीतल्या कुणाच्या नजरेला पडता कामा नयेत, आणि सोडायच्या आधी ती विहिरीची पूजा करणार. करा म्हटलं.

२३ जुलै

दोन दिवस झोडपून पाऊस. आज तरी मासे आणायचेच म्हणून टांगा करून गेलो, दोन घागरी घेऊन. मारुती नाही. बहिणीकडे करकंबला गेलाय, तिचा नवरा वारला. महिनाभर तरी येत नाही. घरात त्याची म्हातारी आई. तिला म्हटलं, बारके मासे पाहिजेत, पुष्कळ. ‘बारकंच पायजेत नव्हं? लई हायती की,’ म्हणाली आणि लुगडं वर खोचून पाण्यात उतरली. त्या वयात! लव्हाळ्याजवळून पाटीनं उपसून दोन्ही घागरी भरून दिल्या. मी धक्क्यावर छत्री धरून उभा. घागरींना तिथल्या तिथे ओलं फडकं बांधलं. वासानं माझं डोकं चढलं होतं. नमुन्याला पाच तेवढे तिनंच बाटलीत टाकले.

२५ जुलै

बाटलीतले पाच बघितले. पांढरे पडलेत, आधीचे तीन झाले होते तसेच. लांबी दीड ते पावणेदोन इंच. डोकं चपटं, बरोबर. ठिपका दोघांच्या डोक्यावर दिसला, तिघांच्या नाही. स्पिरिटनं गेला असावा. पर मोजायला घेतले तोवर प्लेगच्या उंदरांचा कागद घेऊन शिपाई आला. ओळख पटली असं लिहून सही केली.

२६ जुलै

मासे सोडले. संध्याकाळी सहाला, गल्लीतली माणसं पाणी भरून घरात गेल्यावर. शांतव्वानं पहिल्या पायरीवर हळद-कुंकू, झेंडू, नारळ सगळं केलं. हळद मूठभर पाण्यात टाकली. मग मी घागरी फडक्यासकट पाण्याला टेकवल्या आणि तोंड सोडलं. भुळकन सगळे आत. पाण्यात केशरी केशरी काहीतरी चमकून खाली गेलं. छान दिसलं. म्हटलं हळदीचं पाणी.

सौ. दारात उभी राहून बघत होती. पदर नाकाला.

९ ऑगस्ट

विहिरीतून दहा बादल्या काढून पांढऱ्या परातीत ओतून बघितल्या. एक अळी नाही. पेठेच्या दुसऱ्या टोकाच्या विहिरीत एका बादलीत चाळीसवर. साहेब स्वतः येऊन परातीत वाकून गेले. ‘वेल डन’ म्हणाले. सव्वीस वर्षांत दुसऱ्यांदा.

२४ ऑगस्ट

गणपती बसले. सौ.नं एकटीनं एकवीस मोदक केले, मध्ये एकदाही टेकली नाही. गेल्या वर्षी याच दिवशी चार पांघरुणांखाली दात वाजत होते तिचे आणि मी गणपतीपुढे गूळ-खोबरं ठेवून हात जोडले होते. मोदक जास्त खाल्ले. पोट दुखतंय. दुखू दे.

३ सप्टेंबर

सौ. सिद्धेश्वराला पायी जाऊन आली. येताना बांगड्या भरून. मनगट बारीक झालंय, कासार म्हणाला लहान मापाच्या घ्याव्या लागतील. तिनं मोठ्याच घेतल्या. ‘भरेल की हात,’ म्हणाली.

११ सप्टेंबर

आज हिप्परग्याला गेलो. दुसऱ्या विहिरीसाठी मासे ठरवून ठेवावेत म्हणून. मारुती परत आलाय, धक्क्यावर बसलेला. मेव्हण्याचं विचारलं, बोललो. मग तो म्हणाला, ‘म्हातारी म्हनली, सायबानं मरळीची पिल्लं नेली दोन घागरी. काय केलं वो तेंचं?’

म्हटलं, मरळ कुठली? टिकल्या नेल्या मी.

‘न्हाय न्हाय. मरळीची. केशरी रंगाची, थवा करून असत्यात बगा. आई-बाप खाली राखन करत्यात. म्हातारीनं पाटीत घिऊन दिली. हितनंच.’

मी म्हटलं, माझ्याकडे नमुने आहेत, पांढरे आहेत. तो उठला, लव्हाळ्याकडे गेला आणि फडक्यात दोन धरून माझ्यापुढे केले. दीड इंचाचे. अंगावर डोळ्यापासून शेपटीपर्यंत केशरी पट्टा, झेंडूच्या पाकळीसारखा.

‘म्हातारीला सांगायचं होतं,’ मी म्हटलं.

‘ती म्हनली, इचारलंच न्हाय सायबानं. बारकं म्हनला, बारकं दिलं.’

‘मोठी होऊन केवढी होते?’

त्यानं एक हात धक्क्यावर ठेवला, दुसरा लांब नेला, मग आणखी थोडा लांब नेला.

दोन्ही पिल्लं बाटलीत घालून आणली आहेत.

१२ सप्टेंबर

पट्टा फिका.

१३ सप्टेंबर

पट्टा नाही. पांढरे. जुलैतल्या पाचांशेजारी ठेवले तर कुठले कुठले ते सांगता येत नाही.

म्हणजे तीन दिवसांत स्पिरिटनं रंग नेला आणि मी गाढव रंग नसलेले मासे ओळखत बसलो. घागरीचं फडकं एकदा उचललं असतं तर दिसलं असतं. उचललं नाही, कारण वास. कारण गल्लीतली माणसं. आणि सोडताना डोळ्यांसमोर चमकलं तर म्हणे हळद!

डोक्यावरचा ठिपकाही आता बघितला. खिडकीतला उजेड पडला होता काचेवर.

कुणाला सांगितलेलं नाही. सौ. छान आहे. अळ्या नाहीत. पिल्लं आहेत तोवर तीही अळ्या खातात, मारुतीच म्हणाला. मग सांगायचं कशाला? असं म्हणून दिवसभर कामं केली. जेवण गेलं नाही.

२१ सप्टेंबर

शांतव्वा विहिरीवर. ‘रावसाब, मोटे झाले की हो तुमचे मासे.’

खरंच. वीतभर व्हायला आलेत. केशरी जाऊन काळपट झालेत, अंगावर पट्टे. संख्याही कमी. शेकड्यांनी होते, आता दहा-बारा दिसतात. एकमेकांना खातात.

मी म्हटलं, ‘आपल्या विहिरीच्या पाण्याचा गुण.’

तिला ते आवडलं. सासऱ्याची विहीर ना. मला स्वतःची शरम वाटली. आण घेतलेलं तोंड, त्याच तोंडानं ही थाप.

२ ऑक्टोबर

तीन उरले. शांतव्वानं सगळ्यांत मोठ्याला नाव ठेवलंय, सण्णप्पा. सण्ण म्हणजे कानडीत लहान. ‘तुमी म्हनलात ना, ल्हानच राहील म्हनून!’ म्हणत खो खो हसली. रोज सकाळी शेवटच्या पायरीवर बसून भाकरीचा चुरा टाकते. खातो की नाही ठाऊक नाही, पण तिनं पाण्यावर हात आपटला की वर येतो. गल्लीतल्या बायकाही बघायला जमतात. झाकून आणा म्हणणारी हीच का ती बाई?

५ ऑक्टोबर

परात. पहिल्या बादलीत अकरा अळ्या. दुसऱ्या बादलीत मोजल्या नाहीत.

अळ्या खायला आता सण्णप्पाला कशाला वेळ असेल. तो बेडूक धरतो.

८ ऑक्टोबर

सौ.ला हिवताप. दीड वाजता थंडी सुरू झाली. मी कचेरीत होतो, शेजारणीनं निरोप धाडला. आलो तर चारही पांघरुणं अंगावर आणि खाट हलतेय. मला बघून म्हणाली, ‘नुसतं थंड पाणी प्यायलं म्हणून असेल.’ कोयनेलची कडू पुडी दिली, उलटून पडली.

१० ऑक्टोबर

हि. सव्वा वाजता. चार तास. उतरताना घामानं गादी भिजली.

१२ ऑक्टोबर

हि. एक वाजता. एक दिवसाआड, घड्याळ लावल्यासारखा. कोयनेल पोटात ठरत नाही. कानात घंटा वाजतात म्हणते. बांगड्या कोपरापर्यंत सरकतात.

साहेबांनी विचारलं, तुमच्या विहिरीचा रिपोर्ट कधी? दिवाळीनंतर म्हटलं.

१८ ऑक्टोबर

दिवाळी. हि. एक वाजता. सकाळी अभ्यंग नाही, फक्त तेलाचं बोट लावलं कपाळाला. शांतव्वानं करंज्या पाठवल्या आणि विचारून गेली, ‘मासे असून ताप कसा ओ?’ मी पणती लावत होतो. लावत राहिलो.

२१ ऑक्टोबर

डॉक्टर आले. या वेळी जिन्यात गाठलं नाही, तिच्यासमोरच हळू आवाजात बोलले. मी खिडकीशी उभा होतो. म्हणाले, डास थांबले पाहिजेत, कोयनेल थोडं थोडं दुधातून द्या, आणि महिनाभर ताप चुकला तर अंगात रक्त भरेल. महिनाभर! इथे दोन दिवस चुकत नाहीत.

एकच सण्णप्पा उरलाय. बाकीचे दोघे त्यानं खाल्ले असावेत.

२५ ऑक्टोबर

आज तापाचा दिवस नाही. दुपारी सौ. उशाला टेकून भाजी निवडत होती. मी सगळं सांगून टाकलं. बाटली, म्हातारी, केशरी पट्टा, हळद, मारुती, माझी आण. एका दमात. ती भाजी निवडत राहिली. मग म्हणाली,

‘मला ठाऊक आहे.’

‘काय ठाऊक आहे?’

‘ऑगस्टमध्येच. बादलीतून एक वर आलं होतं. केशरी होतं. तुम्ही म्हणाला होता डोक्यावर टिकली असते, त्याच्या नव्हती. मी परत सोडलं.’

‘मग बोलली का नाहीस?’

‘अहो, तुम्ही किती वर्षांनी शीळ घालत घरी येत होता.’

मी शीळ घालत होतो? मला माहीतही नाही. उठून मोरीत जाऊन तोंड धुतलं. पुष्कळ वेळ धुतलं.

मग तिनं आतून हाक मारून विचारलं, ‘शांतव्वाला कधी सांगताय?’

२७ ऑक्टोबर

सांगितलं. तिच्या ओट्यावर उभं राहून. ती दळण निवडत होती. ऐकून सूप खाली ठेवलं.

‘सिद्धरामाची आण घेतलात तुमी.’

‘घेतली. चुकलो.’

‘चुकलात ते जुलैत. तवा तुमाला म्हाइत नव्हतं. गनपतीनंतर म्हाइत झालं तरी पाण्याचा गुण म्हनालात. ते काय?’

तिनं दार लावून घेतलं. बायका बघत होत्या. सव्वीस वर्षं या पेठेत मी लोकांची दारं वाजवून त्यांच्या घाणीबद्दल त्यांना बोललोय.

२९ ऑक्टोबर

शांतव्वा बोलत नाही. विहिरीवर गेलं की पाठ फिरवते. नळ नाही, दुसरी विहीर लांब. पाणी मीच भरतो. तिच्यासमोर बादली ओढताना दोर जड होतो.

मारुतीला निरोप धाडला होता. आला, पायऱ्या उतरून बघितलं, तोंडाला पाणी सुटलं त्याच्या. ‘गळ टाकला की दोन मिनिटांत काडतो.’ वरून शांतव्वाचा आवाज: ‘गळ टाकून तर बघ!’ मारुती गुपचूप वर.

३० ऑक्टोबर

हि. बारा वाजता. आज बडबडली. तिच्या आईला हाका मारत होती. आई जाऊन नऊ वर्षं झाली.

मला भीती वाटते. लिहून ठेवतो, बोलता येत नाही कुणाशी.

३१ ऑक्टोबर

पहाटे दाराशी शांतव्वा. हातात दुधाचा गडवा. मला ओलांडून आत गेली, सौ.च्या कपाळाला हात लावला, विभूती लावली, बाहेर आली.

‘सण्णप्पाला न्या. पन मारायचं न्हाई. गळ न्हाई. जिता न्यायचा, हिप्परग्यात सोडायचा. तुमच्या हातानं. भोयाच्या न्हाई.’

‘माझ्या हातानं?’

‘आण कुनाच्या तोंडानं घेतली?’

१ नोव्हेंबर

हि. साडेबारा वाजता. ती झोपल्यावर विहिरीत पाटी बुडवून तासभर बसलो. आला, बघितलं, गेला. माझ्याकडे तो येत नाही.

४ नोव्हेंबर

आज चौथा प्रयत्न. फजिती. शेवटच्या पायरीवरून पाय घसरला, कमरेपर्यंत पाण्यात. वरून बायका हसल्या. शांतव्वाही हसली. आठवड्यात पहिल्यांदा. बोलली नाही, पण हसली ना.

६ नोव्हेंबर

सापडला.

सकाळी सातला शांतव्वा स्वतः खाली उतरली. शेवटच्या पायरीवर बसून पाण्यावर हात आपटला, पाटीत भाकरी चुरली. सण्णप्पा आला. पाटीवर आला तशी ती नुसतं ‘हं’ म्हणाली आणि मी पाटी उचलली. त्यानं उडी मारली. मी दोन्ही हातांनी धरला.

मासा धरला मी. बुळबुळीत, गार, आणि अंगात केवढं बळ! हातभर नाही, पण वीत आणि वर चार बोटं. मनगटं दुखून आली तरी सोडला नाही. घागरीत घातला. हात धुवायला वाकलो, तर शांतव्वानं तिच्या तांब्यातलं पाणी माझ्या हातांवर घातलं.

सौ. म्हणाली मी येणार. आज तापाचा दिवस नाही. नको म्हटलं, ऐकेना. ‘सगळा पावसाळा तुम्ही काय बघत होता ते मला एकदा बघू द्या.’ टांगा केला. घागर तिनं दोन पायांत धरली, वर फडकं नाही. रस्त्यानं दर थोड्या वेळानं वाकून बघत होती. वासाबद्दल एक शब्द नाही.

धक्क्यावर मारुती. घागरीत डोकावून म्हणाला, ‘अरारा! चांगलं कालवन झालं असतं की.’ मग सौ.कडे बघून जीभ चावली. मी धक्क्याच्या टोकाला बसून सोडला. हातांनीच. थोडा वेळ दगडाला टेकून राहिला, मग गेला.

नंतर टिकल्या. या वेळी बाटली नाही. मारुतीनं जिवंत धरून काचेच्या पेल्यात घालून दिल्या आणि सौ. उन्हात पेला धरून एकेक बघत बसली. ‘ही आहे. ही आहे. ही नव्हे, हिला पट्टा आहे. ही आहे.’ ठिपका पाण्यात असा चमकतो की लांबूनही दिसावा. पुस्तकातल्या चित्रात तो निव्वळ शाईचा ठिपका आहे. मारुतीची म्हातारी येऊन तिच्या खांद्यावरून बघत होती. या वेळी विचारलं तिला. ‘व्हय, ह्या टिकल्याच,’ म्हणाली, ‘बाईला बरूबर कळतंय.’

एकशे दहा धरल्या. दुपार झाली. सौ.चे गाल लाल झाले होते. मी घाबरून हात लावून बघितला. ऊन होतं नुसतं.

७ नोव्हेंबर

टिकल्या सोडल्या. सकाळी, उजेडात, सगळ्या गल्लीदेखत, घागर उघडी. हळद टाकायला शांतव्वा विसरली नाही, पण आधी मासे सोडू दिले आणि मग टाकली. म्हटलं, आण घेऊ का? ‘आता आण नको. रोज सकाळी हितं येऊन बगायचं. मी बसते.’

हि. दोन वाजता. कालच्या दमणुकीनं असेल. मी तिला नेलं हे चुकलं का?

साहेबांना रिपोर्ट दिला. जुलैतल्या सहीखाली लिहिलं: ओळख चुकीची, घागरी उघडून न बघता मासे सोडले, चूक माझी. वाचून म्हणाले, बाकीच्या विहिरींचं पुढे बघू. चष्मा काढून डोळे चोळले त्यांनी. वेल डन नाही. बरं झालं.

९ नोव्हेंबर

हि. तीन वाजता. दीड तासच. दुधातलं कोयनेल आज ठरलं.

११ नोव्हेंबर

परात. दहा बादल्यांत सात अळ्या. सकाळी शांतव्वाशेजारी बसून मी टिकल्या मोजल्या. पंधरा दिसल्या. ती म्हणाली तिला वीस दिसल्या. तिला जास्त दिसतात.

हि. पावणेचार वाजता. अंग कापलं, पण खाट हलली नाही. डॉक्टरांना विचारलं, कमी होतोय का? म्हणाले, आधीचं विष अंगात आहे, आताच काही सांगता येणार नाही. पांथरी तेवढीच आहे.

१३ नोव्हेंबर

तापाचा दिवस. अर्धी रजा टाकून अकरालाच घरी आलो.

एक वाजला. काही नाही. सौ.नं वरण-भात खाल्ला.

दोन. ती बांगड्या मोजतेय, दोन्ही हातांतल्या. हात भरला की घट्ट होतील म्हणते, इतक्यात कसला भरतो.

तीन. पांघरुणं खाटेच्या पायथ्याशी घडी करून ठेवलीत. चारही. मी आणून ठेवली तशी ती वरचं एक परत कपाटात ठेवून आली.

पावणेचार. विहिरीवर पाण्यावर हात आपटल्याचा आवाज आला. शांतव्वा. टिकल्या हाकेला येत नाहीत हे तिला सांगून झालंय.

चार वाजून दहा. अजून नाही. ती म्हणाली, ‘किती वेळा घड्याळ बघाल? माझ्याकडे बघा की.’

बघतोय.